प्रोफाइल लॉक केलं, मग आता भीती गेली का?

पत्र: ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मुख्याध्यापिका, राहायला कराडजवळ. मागच्या महिन्यात माझ्या नावाने आणि माझाच फोटो लावून कोणीतरी दुसरं फेसबुक खातं काढलं. माझ्या ओळखीच्या वीस-बावीस जणांना मेसेज गेले, 'अडचणीत आहे, थोडे पैसे पाठव, उद्या परत करते.' पुण्याच्या नणंदबाईंनी खरं समजून आठ हजार रुपये पाठवले. रात्री त्यांचा फोन आला तेव्हा मला कळलं. ते खातं मी माझ्या फोनवर शोधलं तर सापडेचना. मुलाने माझं प्रोफाइल लॉक करून दिलं आणि म्हणाला, 'या वयात कशाला हवंय फेसबुक? बंदच करून टाक.' पण माझे जुने विद्यार्थी मला तिथेच परत भेटले, ते कसं सोडू? लॉक केल्याने नेमकं काय झालं? व्हॉट्सॲपचंही असं काही करायचं असतं का? आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर 'मी फेसबुकला माझे फोटो वापरायची परवानगी देत नाही' असा मजकूर आला होता, तो मी माझ्या फेसबुकवर टाकला, त्याचा उपयोग होतो का? आणि सूनबाई सात वर्षांच्या नातीचे फोटो टाकतात, त्यांना न दुखावता कसं सांगू? मला फार अपराधी वाटतंय.

बाई, सप्रेम नमस्कार.

माझ्या शाळेतल्या शिक्षिकांना मी आजही बाईच म्हणते, म्हणून तुम्हालाही तसंच म्हणते. तुमचं शेवटचं वाक्य वाचून फार वाईट वाटलं. चोरी तुमच्या नावाने झाली, तुमच्या हातून नाही. नणंदबाईंनाही हे सांगा, कारण त्याही मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत असतील.

आधी त्यांच्या पैशांचं बघू, सेटिंगचं मागून. पैसे त्यांच्या खात्यातून गेले, म्हणून तक्रारही त्यांनीच करायची. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. पैसे गेल्यावर तासाभरात फोन केला तर ते समोरच्या खात्यात अडकवून ठेवता येण्याची आशा सर्वांत जास्त असते. महिना उलटल्यावर ती बरीच कमी होते, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही तक्रार करायचीच. तेच बँक खातं आणखी कोणाच्या तक्रारीत आलं असेल तर तपासाला धागा मिळतो. पैसे पाठवलेल्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की बारा आकडी व्यवहार क्रमांक दिसतो, तो लिहून घ्यायला सांगा. त्या भामट्याबरोबरचं मेसेंजरवरचं बोलणं रागाने पुसून टाकू देऊ नका, त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. संगणकाच्या आधारे दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्यामुळे पोलीस ठाण्यात कोणी 'हे तुमचं घरगुती आहे' असं म्हणालं तर मागे फिरू नका.

आता ते खातं तुम्हाला का सापडलं नाही? कारण असं खातं काढणारा सर्वांत आधी खऱ्या माणसालाच ब्लॉक करतो. मग तुमच्या सगळ्या गोतावळ्याला ते दिसतं, फक्त तुम्हाला दिसत नाही. नणंदबाईंच्या फोनवर ते उघडून बघा. नावाजवळच्या तीन टिंबांवर दाबलं की 'रिपोर्ट प्रोफाइल' येतं. त्यात हे कोणीतरी दुसऱ्याचं सोंग घेतंय असा पर्याय निवडायचा, आणि कोणाचं असं विचारलं की मैत्रिणीचं म्हणून तुमचं खरं खातं दाखवायचं. पाच-सहा जणांनी हे त्या खोट्या प्रोफाइलवर जाऊनच करायचं. तुमच्या भिंतीवर 'माझं फेक अकाउंट निघालंय, रिपोर्ट करा' एवढंच लिहिलं की घाईत काहीजण तुमचंच खरं खातं रिपोर्ट करून मोकळे होतात. म्हणून खोट्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून तीच सगळ्यांना पाठवा. २०२१ च्या आयटी नियमांनी तोतयेगिरीच्या तक्रारीवर ठरावीक तासांत पावलं उचलण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं. रिपोर्ट करूनही काही हललं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवता येतं, आणि त्याच्यावर सरकारच्या अपील समितीकडेही जाता येतं.

एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे अर्धी भीती जाईल. तुमचं खातं 'हॅक' झालेलं नाही. कोणी तुमचा पासवर्ड चोरला नाही, कोणी आत शिरलं नाही. त्या माणसाने रस्त्यावर उभं राहून जे दिसत होतं तेवढंच उचललं: तुमचं नाव, तुमचा फोटो आणि तुमच्या मित्रमंडळींची यादी. पहिल्या दोन गोष्टींनी सोंग तयार होतं, पण तिसरी नसेल तर ते सोंग दाखवायला माणसं कुठून आणणार? वीस-बावीस जण त्याला तुमच्या यादीतूनच मिळाले.

म्हणून मी सगळ्यांना सर्वांत आधी हीच खिडकी बंद करायला सांगते. फेसबुकच्या 'सेटिंग्ज अँड प्रायव्हसी'त 'हाऊ पीपल फाइंड अँड कॉन्टॅक्ट यू' असा भाग आहे. त्यात तुमची फ्रेंड्स लिस्ट कोणाला दिसावी असं विचारलेलं असतं. तिथे 'पब्लिक' असेल तर बदलून 'ओन्ली मी' करा. 'फ्रेंड्स'सुद्धा नको. कारण उद्या एखाद्या ओळखीच्या नावाने आलेली खोटी रिक्वेस्ट तुम्ही स्वीकारलीत की तो भामटा तुमचा 'फ्रेंड' झाला आणि यादी पुन्हा त्याच्या हातात गेली. कंपनी या पर्यायांच्या जागा सारखी हलवते, त्यामुळे कुठे सापडेना तर सेटिंग्जच्या पानावर वर शोधायची जागा असते, तिथे 'फ्रेंड्स लिस्ट' असं लिहा. एक मर्यादा मात्र राहते. तुम्ही यादी झाकली तरी तुमच्या मैत्रिणीची यादी उघडी असेल तर त्यात तुमचं नाव दिसतंच. म्हणून हे काम एकटीने करून भागत नाही, नणंदबाईंनी आणि शेजारणीनेही करायला हवं.

मी दर शनिवारी आमच्या वाचनालयात ज्येष्ठांना मोबाइल शिकवते. तिथे मागे एक आजोबा आले होते, बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला एकदम पक्के. 'माझं सगळं लॉक आहे,' म्हणाले. मी त्यांच्या परवानगीने माझ्या फोनवरून त्यांचं प्रोफाइल उघडलं. फोटो खरंच दिसत नव्हते. मग मी एका बातमीच्या पानावर गेले, जिथे ते रोज सकाळी प्रतिक्रिया लिहितात. एका प्रतिक्रियेत त्यांनी लिहिलं होतं की सोळा तारखेला गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मुलगा परदेशी, घरी आम्ही दोघंच. तीनशे अनोळखी माणसांच्या मध्ये, स्वतःच्या नावानिशी. आजोबा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, 'हे मी त्या संपादकांना सांगत होतो.'

लॉक काय करतं आणि काय करत नाही, ते यातच आलं. फेसबुकने प्रोफाइल लॉक करायची सोय मे २०२० मध्ये भारतात आणली. ते लावलं की जे तुमचे फ्रेंड नाहीत त्यांना तुमच्या टाइमलाइनवरच्या पोस्ट आणि फोटो दिसत नाहीत, नवे नाहीत आणि जुनेही नाहीत. प्रोफाइलचा फोटो मोठा करून बघता येत नाही, उतरवून घेता येत नाही. पूर्वी 'पब्लिक' टाकलेलं सगळं 'फ्रेंड्स'पुरतं होतं. कोणी तुम्हाला टॅग केलं तर आधी तुमची संमती विचारली जाते. तुमच्या मुलाने चांगलं काम केलं, त्याला तसं सांगा. पण तुम्ही दुसऱ्याच्या उघड्या पोस्टखाली जे लिहिता त्याला हे कुलूप लागत नाही, कारण ते घर त्याचं असतं. गावच्या पानावर, वर्तमानपत्राच्या पानावर, राजकीय भांडणात लिहिलेली ओळ ज्याला ते पान दिसतं त्या प्रत्येकाला दिसते. आणि तुमच्या यादीत आधीच शिरलेल्या माणसालाही लॉक अडवत नाही. साडेआठशे 'फ्रेंड्स'पैकी किती जणांना तुम्ही चेहऱ्याने ओळखता? एखाद्या दुपारी यादी घेऊन बसा. ज्याचं नाव वाचून काहीच आठवत नाही त्याला 'अनफ्रेंड' करा. त्याला काही कळवलं जात नाही.

तुम्ही मुख्याध्यापिका होतात, म्हणून एक विचारते. शाळेचं जनरल रजिस्टर तुम्ही कधी कोणाच्या हातात दिलंत? मुलाची जन्मतारीख, आईचं नाव, जात, जन्मगाव, सगळं त्यात असतं. दाखला मागायला आलेल्या पालकालासुद्धा आपण त्याची ओळ उतरवून देतो, रजिस्टर देत नाही. आणि तेच आपण फेसबुकच्या 'अबाउट'मध्ये स्वतःच्या हाताने भरून ठेवतो. जन्मतारीख वर्षासकट, जन्मगाव, कोणत्या साली कुठे नोकरीला लागलो, कोणत्या साली निवृत्त झालो. जन्मतारखेचं वर्ष 'ओन्ली मी' करा. तारीख-महिना राहू द्या, वाढदिवसाला विद्यार्थ्यांच्या शुभेच्छा यायला हव्यात. सेवापूर्तीच्या समारंभाचे फोटो एकदा तपासा. शाल-श्रीफळाचे राहू देत, पण निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा कागद हातात धरून काढलेला फोटो बऱ्याच जणांनी टाकलेला असतो, त्यावरचे नंबर बोटाने मोठे करून वाचता येतात. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची वेळ आली की 'दाखला ऑनलाइन करून देतो, फक्त ओटीपी सांगा' असे फोन निवृत्त लोकांना येतात. फोन करणाऱ्याला तुमचं नाव, खातं आणि निवृत्तीचं साल माहीत असेल तर त्याच्यावर विश्वास बसायला किती वेळ लागतो, तुम्हीच सांगा.

विद्यार्थ्यांना तुम्ही सापडायला हव्यात, ही तुमची इच्छा मला फार मोलाची वाटते. त्यासाठी सगळं उघडं ठेवायची गरज नाही. 'तुम्हाला फ्रेंड रिक्वेस्ट कोण पाठवू शकतं' या सेटिंगमध्ये 'फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स' करा. एका तुकडीतले दोघे तुमच्याकडे असले की बाकीचे त्यांच्यामार्फत येतात, वर्गात यायचे तसेच. अगदी अनोळखी मात्र दाराशीच थांबतो. त्याच भागात फोन नंबर टाकून तुम्हाला कोण शोधू शकतं, असाही प्रश्न आहे. तिथे 'ओन्ली मी' करा. हे लहानसं सेटिंग किती मोठं असतं ते एप्रिल २०२१ मध्ये जगाला कळलं. १०६ देशांतल्या ५३ कोटींहून जास्त फेसबुककरांचे फोन नंबर आणि नावं इंटरनेटवर फुकट पसरली. ती कोणी तिजोरी फोडून नेली नव्हती. फोनमधले नंबर फेसबुकला देऊन ओळखीचे लोक शोधायची जी सोय आहे, तिच्यात लोकांनी नंबरांच्या राशीच्या राशी ओतल्या आणि प्रत्येक नंबर कोणाचा हे फेसबुकनेच सांगितलं.

इथे दुसरी बाजू येते, जिच्याबद्दल लॉक एक शब्दही बोलत नाही. वर सांगितलं ते सगळं 'माणसांपैकी कोणाला काय दिसतं' याबद्दल होतं. कंपनी स्वतः तुमच्याबद्दल काय जमवते, हा निराळा प्रश्न. तुम्ही तुमचं खातं सात कुलपांत ठेवलंत तरी कंपनी कुलपाच्या आतच असते. अनेक दुकानांच्या वेबसाइट आणि ॲप तुम्ही तिथे काय बघितलंत, काय विकत घेतलंत ते फेसबुकला कळवतात. गुडघ्याचा पट्टा एका साइटवर बघितला आणि संध्याकाळी फेसबुकवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली, असं झालंय ना? 'अकाउंट्स सेंटर'मध्ये 'युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स' खाली 'युवर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' असं सापडेल (मेटा म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी). तिथे कोणकोणी तुमची खबर दिली त्यांची यादीच असते. ती एकदा वाचाच, मी पहिल्यांदा वाचली तेव्हा किती वेळ हलले नव्हते. मागचं पुसायचा आणि पुढचं तुमच्या खात्याशी जोडू नये असं सांगायचा पर्याय तिथेच आहे. जाहिराती कमी होणार नाहीत, पण त्या तुमच्या गुडघ्यावर नेम धरून येणार नाहीत.

आणि ते खेळ! 'पूर्वजन्मी तुम्ही कोण होता', 'म्हातारपणी तुम्ही कसे दिसाल'. 'ॲप्स अँड वेबसाइट्स'मध्ये जाऊन अशी जी जी नावं दिसतील ती काढून टाका. याला मी इतकी खुन्नस का धरते ते सांगते. २०१८ मध्ये केंब्रिज ॲनॅलिटिकाचं, म्हणजे निवडणूक प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीचं, प्रकरण बाहेर आलं. व्यक्तिमत्त्वाची चाचणी म्हणून एक ॲप होतं. भारतात ते घेणारे होते अवघे ३३५ जण. पण त्या ॲपने त्यांच्या फ्रेंड्सचीही माहिती ओढली, आणि फेसबुकनेच दिलेल्या आकड्यांनुसार भारतातल्या ५ लाख ६२ हजार ४५५ जणांची माहिती त्यात गेली असावी. त्या साडेपाच लाखांनी काही दाबलं नव्हतं, कोणाला हो म्हटलं नव्हतं. त्यांच्या ओळखीचं कोणीतरी एक चाचणी देऊन बसलं होतं, बस. ती वाट फेसबुकने नंतर बंद केली. पण आपली माहिती दुसऱ्याच्या हातून जाते हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणूनच फोनमधले नंबर 'अपलोड' करू देऊ का, असं कोणत्याही ॲपने विचारलं की मी नाही म्हणते. ते नंबर माझे नसतात, माझ्या माणसांचे असतात.

खात्याला पासवर्डशिवाय दुसरी कडीही लावून घ्या. 'टू फॅक्टर ऑथेंटिकेशन' चालू केलं की नव्या फोनवरून कोणी शिरायला गेलं तर आणखी एक आकडा मागितला जातो. मुलाकडून तो आकडा फोनवरच दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप बसवून घेता आलं तर उत्तम, म्हणजे नंबर द्यावा लागत नाही. सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले फोन नंबर जाहिरातींसाठी वापरले म्हणून ट्विटरला मे २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलर भरावे लागले होते. पण ॲप जमलं नाही तर नंबर देऊन का होईना, कडी लावाच.

व्हॉट्सॲपकडे येऊ. तिथे 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हसी' उघडलं की प्रोफाइल फोटो, शेवटचं कधी ऑनलाइन होतात, 'अबाउट', सगळं कोणाला दिसावं ते विचारलेलं असतं. फोटोला 'एव्हरीवन' असेल तर 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. तुमचा नंबर हाती आलेला माणूस तो सेव्ह करून फोटो उतरवून घेतो आणि वेगळ्या नंबरावर लावून 'नंबर बदलला आहे' म्हणून मेसेज करतो, ही युक्ती फेसबुकइतकीच चालते. 'माय कॉन्टॅक्ट्स' म्हणजे तुमच्या फोनमध्ये ज्यांचे नंबर सेव्ह आहेत ते. त्यात गॅसवाला असतो, दोन वर्षांपूर्वी पाण्याची मोटर दुरुस्त करून गेलेला असतो, एकदाच भाड्याने घेतलेल्या गाडीचा ड्रायव्हर असतो. 'आठ दिवस काशीयात्रेला निघालो' असं स्टेटस तुम्ही कुलूप लावलेल्या घराच्या फोटोसकट टाकता तेव्हा तेही ते बघू शकतात. स्टेटससाठी 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' घेऊन अशी नावं वगळा, नाहीतर यात्रेचं स्टेटस परत आल्यावर टाका. मला स्वतःला दुसरा उपाय जास्त आवडतो, त्याला काही शिकावं लागत नाही.

'ग्रुप्स' या सेटिंगमध्येही 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. ते 'एव्हरीवन' असलं की कोणीही अनोळखी तुम्हाला शेअर बाजाराच्या टिप्सच्या ग्रुपमध्ये ओढू शकतो, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना तुमचा नंबर दिसतो. 'टू स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन ठेवा. तो जन्मतारीख नको, पिनकोडही नको. 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून तुमच्या ओळखीचा नसलेला संगणक जोडलेला दिसला तर लगेच 'लॉग आउट' करा. आणि तो निळसर गोल, मेटा एआयचा, म्हणजे विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या कंपनीच्या यंत्राचा. आपल्या माणसांशी व्हॉट्सॲपवर केलेलं बोलणं कंपनीला वाचता येत नाही, पण त्या गोलाला विचारलेलं कंपनीकडेच जातं. औषधांच्या चिठ्ठ्या, आधार क्रमांक तिथे टाकू नका.

'मी परवानगी देत नाही' या मजकुराचा, बाई, काहीही उपयोग होत नाही. तो काढून टाका. खातं उघडताना आपण कंपनीच्या अटींना होकार दिलेला असतो, तो भिंतीवर निवेदन चिकटवून मागे घेता येत नाही. त्यात कायद्याची कलमं, तारखा, सगळं भारदस्त असतं, म्हणून शिकलेली माणसंही फसतात. मला त्याचा राग एवढ्यासाठी येतो की ते टाकलं की माणसाला वाटतं आपण काळजी घेतली, आणि तो सेटिंग उघडायचं सोडून देतो. खरा आधार दुसरीकडे आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. त्यात कंपनीकडून आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा, पुसून घ्यायचा हक्क आहे. पण त्याच कायद्यात असंही म्हटलंय की माणसाने स्वतःहून जगजाहीर केलेल्या माहितीला तो लागू नाही. म्हणजे जे तुम्ही 'पब्लिक' करून ठेवता त्यावरचं कायद्याचं छप्पर तुम्हीच काढता. हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या जुन्या सगळ्या पोस्ट फेसबुकचा 'लिमिट पास्ट पोस्ट्स' हा पर्याय वापरून एका दमात 'फ्रेंड्स'पुरत्या केल्या.

फेसबुक बंद करायचं का? माझं उत्तर नाही असं आहे. खरं खातं बंद केल्याने खोटं बंद होत नाही. उलट लोक तुमचं नाव शोधतील तेव्हा त्यांना खोटंच तेवढं सापडेल, आणि 'ती मी नव्हे' हे सांगायची जागाही तुमच्याकडे उरणार नाही. पुढे कधी मनापासून कंटाळा आला तर बंद करा. तेव्हा 'डीॲक्टिव्हेट' म्हणजे नुसतं झाकून ठेवणं आणि 'डिलीट' म्हणजे कायमचं पुसणं, हे लक्षात असू द्या. डिलीट केल्यावर तीस दिवसांत विचार बदलता येतो. तत्पूर्वी विद्यार्थ्यांचे फोटो आणि पत्रं उतरवून घ्या.

राहिली सूनबाईंची गोष्ट. तुम्ही पाठवलेला नातीचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो मी बराच वेळ बघितला. दोन वेण्या, नवं दप्तर, डोळे मिटून हसतेय. गोड आहे. मग दुसऱ्यांदा बघितला. गणवेशाच्या खिशावर शाळेचं नाव, गळ्यातल्या ओळखपत्रावर तिचं पूर्ण नाव, इयत्ता आणि कोणाचा तरी फोन नंबर. मागे उभी रिक्षा, तिचा क्रमांक अगदी स्पष्ट. डाव्या हाताला दारावरची पाटी. खाली सूनबाईंनी प्रेमाने लिहिलंय, 'रोज साडेसातला निघायचं, आता लवकर उठायला हवं.' एका फोटोत मुलगी कोण, कुठे राहते, कुठे शिकते आणि सकाळी किती वाजता कशातून जाते, सगळं आलं. यातलं काहीही त्यांनी मुद्दाम सांगितलेलं नाही.

त्यांना 'फोटो टाकू नकोस' असं म्हणू नका. ते आज्ञेसारखं ऐकू येतं आणि मग विषय फोटोचा राहत नाही, सासू-सुनेचा होतो. त्यांच्याशेजारी बसा आणि 'या फोटोत काय काय वाचता येतं बघू या' असं म्हणा. वर्गात चित्रवाचन घ्यायचात ना, तसंच. त्यांना स्वतःला दिसलं की पुढचं त्याच करतील. ओळखपत्र आत घालून फोटो काढतील, पाटीपाशी कापतील, निघायची वेळ लिहिणार नाहीत. त्यांचं इन्स्टाग्राम असेल तर खातं 'प्रायव्हेट' करून बघा म्हणावं, आणि नातीचे फोटो 'क्लोज फ्रेंड्स'ची दहा-पंधरा जणांची यादी करून तेवढ्यांनाच दाखवा. यादीत कोण आहे ते बाकीच्यांना कळत नाही, त्यामुळे कोणी रुसायचंही कारण नाही.

आणि नातीला विचारत चला. सात वर्षांची मुलगी फोटो बघून 'हा चालेल', 'हा नको' सांगू शकते, तुम्हाला वर्गाचा अनुभव आहे, मी काय सांगावं. ती ज्याला नको म्हणेल तो कितीही गोड असला तरी सूनबाईंच्या फोनमध्येच राहू द्या. घरी आलेल्या पाहुण्यांना तो हातात फोन धरून दाखवता येतोच.